फायरफॉक्समधील कुकी-परवानग्या: संरक्षण उत्तम, अपवादांची यादी मात्र आडवळणाला

संकेतस्थळ उघडताच समोर येणारी संमतीची पट्टी आणि ब्राउझरमध्ये आपण स्वतः ठरवलेली कुकी-परवानगी (कुकी म्हणजे संकेतस्थळ आपल्या यंत्रावर ठेवते ती छोटी नोंद) यांत मोठे अंतर आहे. पट्टीवर नकार नोंदवला, तरी तो पाळायचा की नाही हे शेवटी त्या संकेतस्थळाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहते. ब्राउझरमध्ये नकार दिला, तर कुकी आपल्या यंत्रावर साठतच नाही. त्यामुळे ज्याला आपल्या माहितीची खरोखर काळजी आहे, त्याने पट्टीवरच्या बटणांपेक्षा ब्राउझरच्या सेटिंग्जकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. याच दृष्टीने मोझिलाच्या फायरफॉक्समधील कुकी-व्यवस्थापनाचे हे परीक्षण केले आहे. संगणकावरील आवृत्ती त्याच्या केंद्रस्थानी आहे. क्रोम आणि सफारी यांचा उल्लेख तुलनेपुरताच येईल.

कुकी ही मुळात उपयोगाची वस्तू आहे. लू माँटुली यांनी १९९४ मध्ये नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझर-कंपनीसाठी ती तयार केली, कारण सर्व्हरला आधीच्या भेटीचे काहीच स्मरण नसे आणि प्रत्येक पान मागणारा त्याच्या लेखी नवखाच असे. लॉगिन टिकणे, खरेदीची यादी पुढच्या पानावर शाबूत राहणे, निवडलेली भाषा लक्षात राहणे, हे सारे या लहानशा नोंदीमुळे शक्य होते. अडचण सुरू होते ती त्रयस्थ कुकीजपासून. एखाद्या बातमीच्या पानावर जाहिरात, चित्र किंवा समाजमाध्यमाचे बटण दुसऱ्याच सर्व्हरवरून येत असेल, तर तो सर्व्हरही आपली कुकी ठेवू शकतो. आणि त्याच सर्व्हरचा तुकडा इतर असंख्य संकेतस्थळांवर बसवलेला असेल, तर वाचक कोठून कोठे गेला याची साखळी त्याच्याकडे आपोआप तयार होते.

फायरफॉक्सने या साखळीवर केलेला उपाय टप्प्याटप्प्याने आला. सप्टेंबर २०१९ मधील ६९ व्या आवृत्तीपासून ज्ञात ट्रॅकरांच्या, म्हणजे वाचकाचा असा माग काढणाऱ्यांच्या, त्रयस्थ कुकीज सर्वांसाठी मुळातच अडवल्या जाऊ लागल्या. हे ट्रॅकर कोणते, ते डिस्कनेक्ट या संस्थेच्या यादीवरून ठरते. परंतु यादीवर आधारलेल्या कोणत्याही उपायाला यादीत नसलेला ट्रॅकर सापडत नाही. म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये ८६ व्या आवृत्तीत ‘टोटल कुकी प्रोटेक्शन’ आले, ते आधी फक्त कडक पातळी निवडणाऱ्यांसाठी होते आणि जून २०२२ पासून संगणकावरील सर्व वापरकर्त्यांना ते मूळ स्थितीतच मिळू लागले. यात प्रत्येक संकेतस्थळासाठी कुकीजची एक स्वतंत्र बरणी असते. बातमीच्या पानात बसवलेल्या त्रयस्थ सर्व्हरने ठेवलेली कुकी त्या बातमीच्या संकेतस्थळाच्या बरणीत पडते, आणि तोच सर्व्हर खरेदीच्या पानावर पुन्हा भेटला, तर तेथील बरणीत त्याला आपली जुनी नोंद दिसत नाही.

मला ही रचना फार मोलाची वाटते. त्रयस्थ कुकी सरसकट अडवली, तर पानात बसवलेला नकाशा, संवादखिडकी किंवा व्हिडिओ कधी कधी चालेनासा होतो, आणि मग वैतागलेला माणूस सगळे संरक्षणच बंद करून टाकतो. वेगवेगळ्या बरण्यांच्या पद्धतीत त्या तुकड्याला कुकी ठेवता येते, त्याचे त्या पानावरचे काम सुरळीत चालते. फक्त एका ठिकाणची ओळख दुसरीकडे नेता येत नाही. ज्या ठिकाणी एका संकेतस्थळाचे लॉगिन दुसऱ्या संकेतस्थळावर खरोखरच लागते, तेथे ते संकेतस्थळ ब्राउझरकडे रीतसर परवानगी मागू शकते आणि वापरकर्त्यासमोर अमुक संकेतस्थळाला तमुक ठिकाणी आपल्या कुकीज वापरू द्यायच्या का, असा नेमका प्रश्न येऊ शकतो. दोन्ही नावे समोर असलेला प्रश्न समजायला सोपा असतो आणि त्याचे उत्तर विचारपूर्वक देता येते.

तुलनेसाठी इतरांची स्थिती थोडक्यात सांगतो. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकीज मूळ स्थितीतच पूर्णपणे अडवल्या आहेत, आणि संरक्षणाच्या बाबतीत तो फायरफॉक्सच्या तोडीचा आहे. मात्र एकेका संकेतस्थळासाठी कुकीचा वेगळा नियम करण्याची सोय त्याच्या सेटिंग्जमध्ये नाही. क्रोमची कथा दीर्घ आहे. गूगलने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत त्रयस्थ कुकीज हद्दपार करण्याचे जाहीर केले, ती मुदत वारंवार पुढे ढकलली, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. त्यामुळे क्रोमच्या साध्या खिडकीत त्या आजही मूळ स्थितीत चालू राहतात आणि अडवायच्या असतील तर वापरकर्त्याला स्वतः सेटिंग्जमध्ये जावे लागते. सेटिंग्जमध्ये कधीच न जाणाऱ्या माणसाला काय मिळते, हा माझ्या लेखी सर्वांत मोठा निकष आहे, आणि त्यावर फायरफॉक्स निःसंशय सरस ठरतो.

आता सेटिंग्जकडे वळू. गोपनीयता आणि सुरक्षिततेच्या पानावर स्टँडर्ड, स्ट्रिक्ट आणि कस्टम अशा तीन पातळ्या आहेत. बहुतेकांना पहिली पुरेशी आहे. कस्टममध्ये कुकीजसाठी जी उतरंड दिली आहे, तिची भाषा कौतुकास्पद आहे: सर्व त्रयस्थ कुकीज अडवण्याच्या पर्यायापुढे संकेतस्थळे बिघडू शकतात असे लिहिले आहे, तर सगळ्याच कुकीज अडवण्याच्या पर्यायापुढे संकेतस्थळे बिघडतीलच असे लिहिले आहे. शक्यता आणि खात्री यांतला फरक इतक्या स्वच्छपणे मांडणारी सूचना सेटिंग्जच्या पानांवर क्वचितच आढळते. शेवटचा पर्याय कोणीही निवडू नये. त्यात लॉगिन टिकत नाही आणि मिळणारा लाभ बरण्यांच्या पद्धतीतून आधीच मिळालेला असतो.

व्यवस्थापनाचा खरा गाभा आहे तो अपवादांच्या यादीत. फायरफॉक्समध्ये पूर्वी प्रत्येक कुकीपूर्वी विचारण्याचा पर्याय होता, तो जानेवारी २०१६ मध्ये ४४ व्या आवृत्तीत काढला गेला. आणि एका पानावर येणाऱ्या कुकीजची आजची संख्या पाहता ते योग्यच झाले. त्याऐवजी ‘मॅनेज एक्सेप्शन्स’ या बटणामागे एक छोटी खिडकी आहे, जिच्यात पत्ता लिहून त्या संकेतस्थळाला कायम परवानगी, कायम मनाई किंवा केवळ चालू सत्रापुरती परवानगी देता येते. यातला तिसरा पर्याय सर्वांत उपयोगी आहे आणि त्याचीच माहिती सर्वांत कमी लोकांना असते. क्वचित भेट द्यावी लागणाऱ्या संकेतस्थळाला सत्रापुरती परवानगी दिली, की काम होईपर्यंत सगळे नीट चालते आणि ब्राउझर बंद होताच त्याची नोंद पुसली जाते.

याच्या उलट दिशेनेही जाता येते, आणि मी तीच पद्धत सुचवेन. ब्राउझर बंद होताना कुकीज व संकेतस्थळांची साठवण पुसून टाकण्याचा पर्याय चालू करावा, आणि ज्या मोजक्या संकेतस्थळांवर रोज लॉगिन लागते तेवढ्यांनाच अपवादांत कायम परवानगी द्यावी. असे केल्याने विश्वासाची यादी छोटी आणि आपल्या माहितीतली राहते; नकाराची यादी मात्र कितीही वाढवली तरी कधी पुरी होत नाही. या पद्धतीत तीन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. अनेक सेवांचे लॉगिनचे पान वेगळ्या पत्त्यावर असते, त्यामुळे केवळ मुख्य पत्ता यादीत घातला तर पुन्हा पुन्हा संकेतशब्द विचारला जातो. लॉगिन करताना पत्त्याच्या पट्टीत जे नाव दिसते तेही यादीत घालावे लागते. दुसरे असे की संमतीच्या पट्टीवर दिलेले उत्तरसुद्धा संकेतस्थळे बहुधा कुकीतच साठवतात, म्हणून कुकीज पुसल्या की ती पट्टी पुढच्या भेटीत पुन्हा उभी राहते. हा त्रास खराच आहे, पण तो पट्टीच्या रचनेचा दोष आहे, पुसणाऱ्याचा नव्हे. तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे: पुसण्यात कुकीजबरोबर संकेतस्थळाची इतर स्थानिक साठवणही जाते, आणि एखादे लेखनसाधन अपुरा मसुदा केवळ ब्राउझरमध्येच ठेवत असेल तर तोही नाहीसा होतो. अशा साधनाला अपवादांत आधी जागा द्यावी आणि मगच पुसण्याचा पर्याय चालू करावा.

एवढी समर्थ सोय ज्या ठिकाणी ठेवली आहे, ती जागा मात्र मला मुळीच पटत नाही. माणसाला कुकीचा निर्णय घ्यावासा वाटतो तो एखाद्या पानावर असताना. अपवादांची खिडकी मात्र सेटिंग्जच्या लांबलचक पानावर खाली दडलेली आहे, आणि तेथे पत्ता हाताने लिहावा लागतो. पत्ता लिहून परवानगीचे बटण दाबल्यावरही बदल जतन करण्याचे वेगळे बटण दाबावे लागते. ते विसरले आणि खिडकी बंद केली तर सगळे केलेले वाया जाते. चालू पानावरूनच नियम बदलण्याचा एक मार्ग आहे, पण तो पानाच्या माहितीच्या खिडकीत, परवानग्यांच्या टॅबमध्ये आहे. विंडोजवर कंट्रोल आणि आय या कळा एकत्र दाबल्या की ती खिडकी उघडते आणि तेथे कुकीजसाठी हेच तीन पर्याय मिळतात. हा मार्ग ठाऊक झाला की सेटिंग्जमध्ये जाण्याची गरज जवळजवळ उरत नाही, पण तो आपण होऊन कोणाच्या नजरेस पडण्याची शक्यता फार कमी आहे.

साठवलेल्या माहितीची यादीही अर्धवट वाटते. ‘मॅनेज डेटा’मध्ये संकेतस्थळाचे नाव, कुकीजची संख्या, व्यापलेली जागा आणि शेवटचा वापर एवढेच दिसते. कोणती कुकी, कोणत्या नावाची, किती मुदतीची, हे पाहणे पूर्वी साध्या सेटिंग्जमधून शक्य होते. आता त्यासाठी विकसकांची साधने उघडून साठवणीचा विभाग पाहावा लागतो. सामान्य वाचकाला हा तपशील रोज लागत नाही हे मान्य, परंतु ज्याला एकच त्रासदायक कुकी काढायची आहे त्याला संकेतस्थळाची सगळी साठवण उडवायला लावणे बरे नव्हे. शिवाय अपवादांची यादी बाहेर काढून ठेवण्याचे बटण नाही आणि फायरफॉक्सच्या सिंक सेवेतून ती दुसऱ्या यंत्रावर जात नाही. काळजीपूर्वक तयार केलेली यादी नव्या संगणकावर पुन्हा एकेक पत्ता लिहून उभी करावी लागते. या संपूर्ण व्यवस्थेतली ही सर्वांत खटकणारी उणीव आहे, कारण जो माणूस सर्वाधिक कष्ट घेतो त्यालाच तिचा फटका बसतो.

पान बिघडले तर काय करावे, याचे उत्तर पत्त्याच्या पट्टीतील ढालीच्या चिन्हामागे आहे. तेथील कळ फिरवली की त्या एका संकेतस्थळापुरते संरक्षण बंद होते, पान पुन्हा उघडते आणि दोष संरक्षणाचा होता की संकेतस्थळाचा, हे लगेच कळते. निदानासाठी ही सोय फार चांगली आहे. मात्र ती कळ केवळ कुकीजपुरती नाही. यंत्राच्या वैशिष्ट्यांवरून ओळख पटवणाऱ्या स्क्रिप्टविरुद्धचे संरक्षणही तिच्यासोबत खाली येते. म्हणून निदान झाल्यावर कळ पुन्हा चालू करण्याची सवय लावून घ्यावी. कुकीजवर कितीही उत्तम नियंत्रण असले तरी अशा स्क्रिप्टना कुकीची गरजच नसते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

मोबाइलवर अपेक्षा कमी ठेवाव्यात. अँड्रॉइडच्या आवृत्तीत संरक्षणाच्या पातळ्या आहेत आणि बाहेर पडताना साठवण पुसण्याची सोयही आहे, पण ती मेन्यूतील बाहेर पडण्याचे बटण दाबल्यावरच काम करते. ॲप नुसते बाजूला सारून चालत नाही. आयफोनवरील फायरफॉक्स ॲपलच्या वेबकिट इंजिनावर, म्हणजे पाने उभी करणाऱ्या यंत्रणेवर, चालतो, त्यामुळे संगणकावरच्या अनुभवावरून त्याचा अंदाज बांधू नये.

मोझिलाने सत्रापुरत्या परवानगीचा पर्याय ढालीच्या त्याच फलकात आणावा आणि अपवादांची यादी सिंकमध्ये घ्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. तोपर्यंतसुद्धा नव्याने ब्राउझर निवडणाऱ्याला मी फायरफॉक्सच सुचवेन, आणि तो बसवल्यावर पहिल्याच बैठकीत रोजच्या लॉगिनची संकेतस्थळे अपवादांत भरून घ्यायला सांगेन.