पूलचं ऑटोमॅटिक पॅनेल, आठ-नऊ महिन्यांनी : सगळं आहे, फक्त घड्याळ नाही

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण वॉरंटी अजून चालू आहे आणि माझी एक तक्रार त्यांच्याकडे अडकून पडली आहे. सिंगल फेज, वायफायवालं, पंप, क्लोरिनेटर (मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणारं यंत्र) आणि लाइट तिन्ही एकाच डब्यातून चालवणारं जे पॅनेल हल्ली पूलवाले गळ्यात मारतात, तेच हे. त्यात काय काय आहे ते तुम्ही माहितीपत्रकात वाचलं असेलच. मला लिहायचंय ते त्याच्या आपणहून बंद पडण्याबद्दल. माझ्या ओळखीत ज्यांच्याकडे हे आहे त्या प्रत्येकाला याचा अनुभव आलाय, आणि प्रत्येकाला उत्तर एकच मिळालंय : "मॅडम, तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे."

आमचं घर अलिबागजवळ नागावला. मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. पूल लहानच, ४० हजार लिटरचा. एक एचपीचा पंप, सँड फिल्टर, आणि मिठावर चालणारा क्लोरिनेटर. पंप तासाला दहाएक हजार लिटर पाणी फिरवतो, म्हणून सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ८ असा प्रोग्राम लावलाय. दिवसाला सगळं पाणी दोनदा गाळून निघतं. पूर्वी हेच काम साधा काट्यांचा टायमर करायचा. त्याची किंमत सांगितली तर तुम्ही हसाल. पण तो कधी बंद पडला नाही.

आता लक्षणं ऐका. संध्याकाळी पाच-साडेपाचला पाहुण्यांची पोरं पाण्यात, आणि पंप गप्प. स्क्रीनवर एररची एक ओळ नाही, लाल दिवा नाही, काही नाही. हाताने चालू केला की चालतो. नाही केला तर कधीतरी मध्यरात्री स्वतःच सुरू होतो. मांडव्याच्या बोटीने आलेल्या एका कुटुंबातल्या आजींनी सकाळी चहा घेताना विचारलं, "तुमच्याकडे रात्री साडेबाराला पाणी भरतात का हो?" मी कसनुसं हसले. सर्व्हिसवाल्याला फोनवर हेच सांगितलं तर म्हणाला, "मध्यरात्री लोड कमी असतो ना मॅडम, व्होल्टेज सुधारतं, मग चालू होतं." ऐकायला किती पटतं बघा.

तो आला. भेटीचे ६५० रुपये घेतले, आणि लो कट (ज्या व्होल्टेजखाली पॅनेल पंप बंद करतं ती मर्यादा) १८० व्होल्टवरून १६० वर आणून गेला. म्हणजे व्होल्टेज आणखी पडलं तरी पंप चालतच राहणार. मोटर कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढते आणि तापते, हे नागावातला विहिरीवर पंप असलेला कुठलाही वाडीवाला सांगेल. मी तो कट परत १८० वर नेला. पुढच्या खेपेला त्याने स्टॅबिलायझर सुचवला. तोही त्यांच्याकडेच मिळतो म्हणे. ४ केव्हीएचा, एसीला लावतात तसला, ६,८०० रुपये. लावला. आठवडाभर सगळं सुरळीत, आणि मग ऐन शनिवारी पुन्हा तेच. मे महिन्यातल्या उकाड्यात दोन दिवस फिल्टर नीट चालला नाही की पाण्याला हिरवट झाक येते. मग जास्तीचं क्लोरीन टाका, ॲसिड टाकून पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये आणा, बॅकवॉश करा (फिल्टर उलटं पाणी सोडून धुवा), म्हणजे टँकरचं विकतचं पाणी गटारात सोडा. हा खर्च व्होल्टेजच्या नावावर कोण टाकणार?

इथवरचं सगळं मी जूनमध्ये लिहून ठेवलं होतं आणि एक स्टार देणार होते. पावसाळ्यात मत थोडं बदललं, तेही लिहिते.

आमच्या कुंपणाला सुरूची झाडं आहेत. निसर्ग वादळाने, ३ जून २०२० ला, बरीच पाडली, पण उरलेलीही पुरेशी आहेत. वारा सुटला की त्यांच्या बारीक काड्या पूलमध्ये येतात. स्किमरच्या (पूलच्या काठावरचं, पाणी ओढून घेणारं तोंड) जाळीतून निसटतात आणि पंपाच्या टोपलीत जाऊन लोकरीसारख्या गुंततात. एका पावसाळी दुपारी पॅनेल बंद पडलं, पण या वेळी स्क्रीनवर स्पष्ट 'नो फ्लो' लिहिलेलं. टोपली उघडली तर अर्धी गच्च. पंप तसाच कोरडा ओढत राहिला असता तर त्याचं मेकॅनिकल सील गेलं असतं, आणि सील गेलं की पाणी मोटरीत शिरायला वेळ लागत नाही. पॅनेलने बरोबर बंद केलं. नंतर पाहुणे असतानाही हे झालं. पोरं उड्या मारून पाणी बाहेर घालवतात, पातळी स्किमरच्या तोंडाखाली जाते, पंप हवा ओढायला लागतो, फ्लो तुटतो. पाणी वर आणलं, पंपाच्या झाकणाच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं (व्हॅसलीन लावू नका, काही रबरं त्याने फुगतात), की हा त्रास संपला. एरर आल्यावर हाताने रीसेट करावं लागतं याचा मला आधी राग यायचा. आता वाटतं, बरंच आहे. माणूस निदान जाऊन टोपली तरी बघतो.

यावर सर्व्हिसवाल्याचा फोनवरचा सल्ला ऐका : "फ्लो स्विचला जंपर मारून टाकू का? कटकटच नको." म्हणजे पाणी वाहतंय का ते बघणारा स्विच तारेने जोडून निकामी करायचा. मिठाच्या क्लोरिनेटरला फ्लो स्विच का असतो, हे विकणाऱ्यांना तरी माहीत असावं. क्लोरिनेटरच्या सेलमध्ये (ज्या नळीत क्लोरीन बनतं ती) खाऱ्या पाण्यातून वीज जाते तेव्हा क्लोरीनबरोबर हायड्रोजनही तयार होतो. पाणी वाहतं असेल तर तो निघून जातो. पाणी थांबलं आणि सेल चालूच राहिला तर तो बंद नळीत साठतो, आणि हायड्रोजन पेटणारा वायू आहे. जंपर मारून देतो म्हणणाऱ्या माणसाला पंपघरात पाऊल ठेवू देऊ नका. तीच गोष्ट ३० मिलिॲम्पच्या आरसीसीबीची, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणाऱ्या स्विचची. तो वारंवार पडत असेल तर पाण्याखालच्या लाइटच्या खोबणीत ओल शिरली आहे का ते बघा. तो काढून साधा एमसीबी बसवणं म्हणजे पोरांच्या जिवाशी खेळ आहे.

तर 'नो फ्लो' लिहून बंद पडणं वेगळं, आणि काहीच न लिहिता बंद पडणं वेगळं. दुसऱ्याचं कोडं गावातल्या वायरमन काकांनी सोडवलं. ते खरं तर पोर्चमधला पंखा बदलायला आले होते. मी तक्रार सांगत असताना त्यांनी पॅनेलचं झाकण उघडलं, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, याच्यात पहाटेचे चार वाजलेत." बाहेर जेवणाची वेळ टळून गेली होती.

मग सगळं जुळलं. घरात इन्व्हर्टर आहे, त्यामुळे वीज दोन सेकंद जाऊन आली तर आत कुणाला पत्ताही लागत नाही, ट्यूब तेवढी किंचित मिचकते. पंपघर मात्र थेट लाइनवर. तिथे दोन सेकंद वीज गेली की पॅनेलचं घड्याळ शून्यावर येतं. समजा संध्याकाळी साडेपाचला झपकी आली. पॅनेलला वाटतं, रात्रीचे बारा वाजले, आता प्रोग्रामात काही नाही, म्हणून पंप बंद. त्याच्या हिशोबाने सकाळचे ७ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा झालेले असतात. आजींना आवाज आला तो हा. एरर दिसत नव्हता, कारण पॅनेलच्या मते एरर नव्हताच. आणि स्टॅबिलायझर घेतल्यावरचा तो सुरळीत आठवडा म्हणजे वीज न गेलेला आठवडा, एवढंच.

काकांनी बोर्डवरच्या बटण सेलला मीटर लावला. सीआर २०३२, तीन व्होल्टचा असतो. मीटरने १.१ दाखवला. गोदामात पडून पडून मेला असेल, किंवा आमच्या खाऱ्या दमट हवेने मेला असेल. मरू दे, ४०-५० रुपयांची वस्तू, वाण्याकडेही मिळते. पण हा सेल खोबणीत नाही, बोर्डवर डाग देऊन पक्का केलेला आहे, आणि बोर्डच्या स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर. काका म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे. स्टिकर फाडायला माझा हात होईना. कंपनीला कळवलं. उत्तर आलं, सेल वेगळा बदलत नाही, पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, ९,५०० रुपये अधिक जीएसटी. वॉरंटीत का नाही? तर बॅटरी वॉरंटीत येत नाही. मग बोर्डाचे पैसे कसले? यावर उत्तर यायचंय. भिंतीवरच्या घड्याळातलासुद्धा सेल आपण नखाने काढतो, आणि इथे इतक्या हजारांच्या यंत्रात दहा रुपयांची खोबण द्यायला या लोकांना परवडलं नाही.

पण पॅनेलला वायफाय आहे, मग ते वेळ इंटरनेटवरून का घेत नाही? घेतं. पण चालू होताना एकदाच विचारतं. वीज आली की पॅनेल दहा सेकंदांत उठतं आणि पंपघराशेजारचा वायफाय रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारा डबा) उठायला दोनेक मिनिटं घेतो. पॅनेल हाक मारतं, ओ मिळत नाही, मग ते रुसून बसतं आणि पुढे दिवसभर विचारतच नाही. ॲपमधून दर वेळी हाताने 'सिंक' दाबायचं असेल तर त्याला ऑटोमॅटिक का म्हणायचं?

तोडगा निघाला तो त्याच ६,८०० च्या स्टॅबिलायझरमुळे, ज्याची मला गरजच नव्हती. एसीच्या कॉम्प्रेसरसाठी त्यावर टाइम डिलेचं बटण असतं. ते दाबलं की वीज आल्यावर तीन मिनिटं थांबून मगच पुढे सप्लाय जातो. पॅनेल स्टॅबिलायझरवर होतंच, रिपीटर थेट लाइनवर. डिले चालू केला. आता वीज आली की आधी रिपीटर उठतो, मग पॅनेल, आणि घड्याळ आपोआप लागतं. तेव्हापासून कितीदा वीज गेली आणि आली, पंप आपल्या वेळेला चालतोय. तुमचंही पॅनेल गुपचूप बंद होत असेल तर कुणाला फोन करायच्या आधी त्याचं घड्याळ बघा. आणि नवीन घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला मेन स्विच बंद करून परत चालू करायला लावा, वायफाय न जोडता.

बाकी तक्रार नाही. क्लोरिनेटर चांगला आहे. लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे आमच्या पूलला १४० किलो, तीन पोती आणली तर थोडं उरतं. समोरच्या समुद्राच्या दहाव्या हिश्शाएवढा खारेपणा, पाहुण्यांना कळतही नाही. डोळे चुरचुरत नाहीत. पीएच मात्र सारखा वर सरकतो, ॲसिड हाताशी ठेवा. ॲप बरं आहे, लाइटचे सात रंग कशाला ते विचारू नका.

दोन स्टार वाढवून तीन करते. परवा त्यांचा एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) कागद आला, वर्षाचे ७,५०० रुपये. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की बॅटरी, फ्यूज आणि ओ-रिंग सोडून सर्व भाग समाविष्ट. मी त्यांना परत लिहून विचारलंय की सेल पक्का बसवलेला असताना तो बोर्डाचा भाग धरायचा की बॅटरी. उत्तर आलं की इथेच लिहीन.