सरकारी दवाखान्यातली नसबंदी, माझ्याकडून साडेतीन स्टार

दोन पोरी झाल्या, आता बास असं मी नि बायकोनी ठरवलं आणि इंदूरच्याच एका सरकारी दवाखान्यात जाऊन बिनटाक्याची नसबंदी करून आलो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही.

ऑपरेशन मात्र एकदम झकास. तिथेच सुन्न करतात, बारीकसं भोक, टाका नाही, वीस मिनिटात बाहेर, एक पैसा लागला नाही. गंमत म्हणजे ही पद्धत १९७४ मधे चीनच्या एका सर्जननी काढली आणि त्याच चीननी नंतर एकाच मुलाची सक्ती केली, २०१६ मधे दोन चालतील म्हणाले, २०२१ मधे तीन, आणि आता तर पोरं व्हावीत म्हणून आईबापांना पैसे देतायत.

दीड स्टार कापला तो खिडकीवर. बाबू म्हणे बायकोची सही आणा. अरे ती नियमात लागतच नाही, लग्न झालेलं, वय साठच्या आत आणि एक तरी मूल वर्षाच्या वरचं, एवढं बघायचं असतं. वर सगळ्या लाईनीसमोर मोठ्यांदा, "भिया, भाभी का करवा लो ना." लाईनीत माझ्याशिवाय सगळ्या बायकाच होत्या, आणि हे इथलंच नाही, २०१९-२१ च्या सरकारी सर्व्हेत देशभर लग्न झालेल्या ३८ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं आणि पुरुषांचं ०.३!!

बाकावर एक मराठी काका होते, काकूंना घेऊन आलेले. म्हणाले, सरकारनी कायदाच करावा, दोनच्या वर बंद. म्हटलं काका, आपल्या एमपीत २००१ मधे तिसरं झालं की सरकारी नोकरी नाही असा नियम लावलाच की, सरपंचांनाही लावलेला, त्यांचा तो २००५ मधे काढावा लागला. आणि ज्यांना नोकरीच नको त्यांच्यावर कसला नियम? तरी त्याच सर्व्हेत एमपीत बाईमागे सरासरी दोनच मुलं निघाली.

आमचे आजोबा मास्तर होते. १९७६ मधे, आणीबाणीत, त्यांना सांगितलं, नसबंदीच्या केसेस आणा नाहीतर पगार अडकेल. केस मिळेना तेव्हा स्वतःच टेबलावर जाऊन झोपले. आजी या विषयावर कधी बोलायची नाही, आणि मी जातो म्हटल्यावर बाबांचा चेहरा जो पडला ना, तो त्यामुळेच. म्हणून म्हणतो कायदाबियदा राहू द्या, त्या खिडकीवर नीट बोलणारा माणूस बसवा आधी.

जाणार असाल तर शनिवारी जा, घट्ट चड्डी घाला, परत येताना स्कूटर नको, ऑटो करा. आणि लगेच मोकळे झालो असं समजू नका, तीन महिने कंडोम लागतो, मग वीर्याची तपासणी. माझी दिवाळीनंतर आहे, डबी कुठल्या खिडकीवर द्यायची ते अजून कोणी सांगितलेलं नाही.