डकडकगो ईमेल प्रोटेक्शन: दीड वर्ष वापरल्यावर

"मॅडम, काल रात्री आमचा मेल तुम्ही तीनदा उघडलात, काही शंका आहे का?" एका ऑनलाइन कोर्सवाल्यांचा हा फोन आला आणि मला धस्स झालं. मी ना उत्तर पाठवलं होतं, ना कुठे क्लिक केलं होतं. मेलचा मूळ कोड उघडून पाहिला तेव्हा एका पिक्सेलएवढं चित्र सापडलं. त्याची लिंक फक्त माझ्यासाठी बनवलेली. मी मेल उघडला की ते चित्र मागवलं जायचं आणि तिकडे वेळेसकट नोंद व्हायची. आपलं पत्र आपण कधी वाचतो हे दुसऱ्याने मोजावं, याचा मला फार राग आला.

जीमेल २०१३ पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक) झाकला जातो, पण मेल उघडल्याचं कळतंच. मग मी चित्रं आपोआप दिसणं बंद केलं. पण मी विणकामाच्या नमुन्यांची बातमीपत्रं घेते. त्यात फोटोच नसतील तर वाचायचं काय?

म्हणून डकडकगो या सर्च इंजिनवाल्या कंपनीची ईमेल प्रोटेक्शन ही सेवा घेतली. ती फुकट आहे. त्यांचं ब्राउझर किंवा आपल्या ब्राउझरला जोडायचं त्यांचं एक्स्टेन्शन मात्र लागतं. 'डक डॉट कॉम'चा एक पत्ता मिळतो. त्यावर आलेला मेल ट्रॅकर (म्हणजे अशी नजर ठेवणारी छुपी चित्रं वगैरे) काढून आपल्या नेहमीच्या इनबॉक्समध्ये येतो, आणि काय काढलं ते वरच्या पट्टीत लिहिलेलं असतं. पहिले काही दिवस मी मेलआधी ती पट्टीच वाचायचे. नमुन्यांचे फोटो जागच्या जागी असतात.

मला खरा उपयोग झाला तो वेगवेगळ्या पत्त्यांचा. प्रत्येक दुकानासाठी नवा पत्ता बनवता येतो. एका पत्त्यावर भलत्याच लोकांचे मेल यायला लागले, तेव्हा तो कुणी पुढे दिला हे लगेच कळलं. तेवढाच पत्ता बंद केला.

उणिवाही आहेत. जुन्या पत्त्यावर येणाऱ्या मेलना हे संरक्षण नाही. प्रत्येक ठिकाणी जाऊन पत्ता बदलावा लागतो, माझे दोन रविवार त्यात गेले. त्यांच्या ओळखीत नसलेला ट्रॅकर निसटूही शकतो.

शिवाय मेल त्यांच्या सर्व्हरवरून जातो. आम्ही तो साठवत नाही, असं ते सांगतात आणि माझा त्यावर विश्वास आहे. तरी बँकेचे आणि डॉक्टरांचे मेल मी जुन्याच पत्त्यावर ठेवले आहेत.