मराठी सामान्यज्ञानाच्या प्रश्नकार्डांचा संच : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या सुमारास, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयासाठी सामान्यज्ञानाच्या मराठी प्रश्नकार्डांचा एक मोठा संच विकत घेतला. पावसाळा, गणपती, दिवाळी आणि आता वार्षिक परीक्षांचे दिवस, एवढ्या काळात तो जवळजवळ रोज संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या हातात राहिला आहे. निवृत्त शिक्षक या नात्याने वाचनालयाची संध्याकाळची वेळ मी सांभाळतो, त्यामुळे ही कार्डे मुलांना कुठे अडवतात आणि कुठे पुढे वाचायला लावतात, हे जवळून पाहता आले. सीमाभागातल्या वाचनालयांनी, मराठी शाळांनी आणि तरुण मंडळांनी हा संच घ्यावा की नाही, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. ज्या कार्डांवर उत्तराबरोबर त्याचे कारणही दिले आहे, ती आपले मोल पुरेपूर फेडतात. ज्यांवर नुसते उत्तर छापले आहे, ती महिन्याभरात तोंडपाठ होतात आणि मग त्यांना कोणी हात लावत नाही, असे माझे मत झाले आहे.

कार्डाच्या एका बाजूला प्रश्न व चार पर्याय, आणि दुसऱ्या बाजूला उत्तर, अशी साधी मांडणी आहे. भूगोल, इतिहास, विज्ञान, साहित्य, क्रीडा, जीवसृष्टी असे विषय कडेच्या रंगावरून ओळखता येतात. छपाई ठळक आहे आणि शुद्धलेखन बऱ्यापैकी सांभाळलेले आहे, ही आजच्या मराठी प्रकाशनात कौतुकाने सांगावी अशी गोष्ट आहे. पुठ्ठा मात्र आमच्या हवेला टिकणारा नाही. खानापूरच्या पावसात श्रावणापर्यंत कार्डांच्या कडा फुगल्या आणि एकमेकांना चिकटू लागल्या, तेव्हापासून संच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावा लागत आहे.

वाचनालयात येणारे वाचक दोन प्रकारचे आहेत. पाचवी ते दहावीची मुले खेळ म्हणून कार्डे घेतात. दुसरे, पोलीस भरती, तलाठी किंवा सैन्यभरतीची तयारी करणारे तरुण. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्यामुळे सैन्याकडे ओढा असणारी मुले आमच्याकडे घरोघरी आहेत. पहिल्या गटाला संच मनापासून आवडला. दुसऱ्या गटाच्या अडचणी वेगळ्या आहेत, त्या पुढे येतीलच.

संचातले सर्वांत चांगले कार्ड कोणते, असे विचारले तर मी उपवासाच्या पदार्थांचे कार्ड पुढे करीन. प्रश्न साधा आहे : ‘पुढीलपैकी कोणते पीक मूळचे अमेरिका खंडातले आहे?’ पर्यायांत बटाटा, भुईमूग, मिरची आणि साबुदाणा ज्यापासून करतात तो कसावा, अशी चार नावे आहेत आणि उत्तर आहे, ‘वरील सर्व’. मागच्या बाजूला चार-पाच ओळींत सांगितले आहे की, ही सगळी पिके कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या, आणि भारताच्या बाबतीत मुख्यतः पोर्तुगिजांच्या, हातून जगभर पसरली. हे कार्ड पहिल्यांदा वाचले गेले ते आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी. साबुदाण्याच्या खिचडीत पडणाऱ्या एकेका जिन्नसाचे नाव घेत मुले बोटांवर मोजत होती आणि शेवटी जिरे व तूप एवढेच जुन्या जगातले उरले. सातवीतल्या एका मुलीने लगेच विचारले, ‘‘मग गुरुजी, पूर्वीच्या माणसांनी एकादशीला काय खाल्लं असंल?’’ तिला मी वरई, शिंगाडा, सुरण, केळी आणि दूध ही नावे सांगितली. दुसऱ्या दिवशी ती आज्जीला विचारून आली आणि राजगिऱ्याचे नाव तिने त्यात घातले. मग पुस्तक काढून पाहिले, तर राजगिऱ्याच्या दाण्यासाठी पेरल्या जाणाऱ्या जातीही मूळच्या अमेरिकेतल्याच निघाल्या. बेळगावच्या पश्चिम भागातल्या शिवारात पिकणारे रताळे, निपाणीची तंबाखू आणि कोकणच्या वाटेवर लागणाऱ्या काजूच्या बागा, हेही सगळे त्याच वाटेने आलेले आहे, हे कळल्यावर मुलांना आपल्या आजूबाजूची शेते नव्या नजरेने दिसू लागली. एका कार्डाने आठवडाभर चर्चा चालवली, याहून अधिक कोणत्या प्रश्नाकडून अपेक्षा करावी?

नद्यांच्या कार्डांतही असाच जीव आहे. पश्चिम घाटात उगम पावणाऱ्या मोठ्या नद्या जवळचा अरबी समुद्र सोडून पूर्वेकडे का जातात, या प्रश्नाच्या उत्तरात दख्खनच्या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे आणि घाटाची कडा पश्चिम किनाऱ्याजवळ उभी आहे, हे नीट समजावले आहे. उदाहरणे गोदावरी आणि कृष्णा यांची दिली आहेत. आम्ही त्यात आमच्या तालुक्याचे उदाहरण जोडले. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वाहत जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात पोचते. त्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्यावर पडलेला पाऊस दोन वेगवेगळ्या समुद्रांत जातो, ही गोष्ट जलविभाजक म्हणजे काय हे शिकवण्यासाठी पुरेशी आहे, आणि ती आमच्या मुलांना डोळ्यांनी पाहता येते.

ऑक्टोपसला तीन हृदये असतात, हे जवळजवळ प्रत्येक सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असते. या संचात त्यापुढे जाऊन दोन हृदये कल्ल्यांकडे आणि एक उरलेल्या शरीराकडे रक्त ढकलते, आणि त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असलेले द्रव्य प्राणवायू वाहून नेत असल्यामुळे ते निळसर दिसते, असे दिले आहे. केळे वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येने बेरी ठरते आणि स्ट्रॉबेरी ठरत नाही, याचेही कारण दिले आहे. अशी कार्डे पुन्हा पुन्हा मागितली जातात.

याउलट विज्ञानाच्याच गठ्ठ्यात ‘पाणी किती अंश सेल्सिअसला उकळते?’ या प्रश्नाला नुसते ‘100’ एवढे उत्तर आहे. समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाला, ही अट त्यात नाही. आमचे गाव साडेसहाशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. नववीतल्या मुलांनी शाळेची तापमापी आणून पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात धरली, तेव्हा पारा 98 च्या जरा खालीच थांबला आणि पाणी खळखळत राहिले तरी वर सरकेना. साधारण दर 300 मीटर उंचीला उत्कलनबिंदू एक अंशाने खाली येतो, हे त्या कार्डावर दोन ओळींत लिहिता आले असते. अट गाळलेले उत्तर परीक्षेत गुण देईल, पण मुलाने ते पडताळून पाहिले की पुस्तकावरचा त्याचा विश्वास डळमळतो.

दुसरा आणि अधिक गंभीर दोष जुन्या झालेल्या माहितीचा आहे. संचावर छपाईचे वर्ष ठळकपणे दिलेले नाही आणि एकाही कार्डावर ‘अमुक सालापर्यंतची माहिती’ असा उल्लेख नाही. अभिजात भाषांच्या कार्डावर तमिळ, संस्कृत, कन्नड, तेलुगू, मल्याळम आणि ओडिया अशा सहाच भाषा आहेत. 2014 पासून 2024 पर्यंत हे बरोबर होते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांना हा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि संख्या 11 झाली. मराठी मुलांसाठी काढलेल्या मराठी संचात मराठीच राहून जावी, याचे मला फार वाईट वाटले. आमच्या मुलांना कन्नड 2008 पासून अभिजात आहे हे शाळेतून माहीत असते. आपलीही भाषा त्या यादीत आली आहे, हे त्यांना अशाच साधनातून कळायला हवे होते.

शनीच्या चंद्रांची संख्या 62 दिली आहे, आणि सर्वाधिक चंद्र गुरूला असल्याचे दुसरे कार्ड सांगते. 2025 मध्ये शनीच्या आणखी 128 चंद्रांना मान्यता मिळाली आणि त्याच्या ज्ञात चंद्रांची संख्या 274 झाली. गुरू आता फार मागे आहे. एव्हरेस्टची उंची 8848 मीटर आहे, तिथे नेपाळ आणि चीनने डिसेंबर 2020 मध्ये संयुक्तपणे जाहीर केलेला 8848.86 मीटर हा आकडा हवा. किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या वजनावर अवलंबून असल्याचे लिहिले आहे; 20 मे 2019 पासून ती प्लांकच्या स्थिरांकावर बसवलेली आहे. चित्ता भारतातून नामशेष झाला, हे 1952 पुरते खरे, पण 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते कुनोमध्ये सोडले गेले, हा पुढचा भाग नाही. आणि भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी असे बेधडक छापले आहे. माहितीच्या अधिकारात विचारलेल्या प्रश्नाला 2012 मध्ये केंद्र सरकारने उत्तर दिले होते की, कोणत्याही खेळाला असा दर्जा दिलेला नाही. भरतीच्या परीक्षेला बसणाऱ्या तरुणाला यातले प्रत्येक उत्तर एकेका गुणाला पडू शकते. आम्ही चुकीच्या कार्डांवर पेन्सिलीने दुरुस्ती आणि शेजारी वर्ष लिहितो, आणि ती दुरुस्ती शक्यतो मुलांकडूनच करून घेतो. त्यांची यादी प्रकाशकाकडेही पाठवली आहे. अजून उत्तर आलेले नाही.

तिसरी गोष्ट सीमाभागातल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. संपूर्ण संच महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला समोर ठेवून केला आहे. ‘आपल्या राज्याचा राज्यप्राणी कोणता?’ याचे उत्तर शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण आणि राज्यवृक्ष आंबा. कर्नाटकाच्या परीक्षेत हीच उत्तरे लिहिली तर सगळी चुकतील. तिथे हत्ती, नीलपंख, कमळ आणि चंदन अपेक्षित आहे. शेकरू आमच्या भीमगडच्या जंगलात मुलांनी झाडावर पाहिलेला असतो, त्यामुळे तर गोंधळ अधिकच होतो. महाराष्ट्राविषयीची माहिती आमच्या मुलांना हवीच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रश्नात ‘आपल्या’च्या जागी ‘महाराष्ट्राच्या’ असे स्पष्ट लिहिले असते, तर तेच कार्ड बेळगाव, निपाणी, खानापूर इथेही निर्धोकपणे वापरता आले असते. त्यातून इथल्या सरकारी भरतीच्या प्रश्नपत्रिका कन्नड आणि इंग्रजीत असतात, म्हणून तरुणांनी हा संच समज वाढवण्यासाठी वापरावा आणि परीक्षेचा सराव कन्नड पुस्तकांतूनच करावा, असे मी त्यांना सांगतो.

साहित्याच्या गठ्ठ्यात ज्ञानपीठाचे मराठी मानकरी वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे वर्षांसह दिले आहेत. सीमेवरच्या वाचकाला त्यापुढची गोष्ट अधिक जवळची वाटेल : ज्यांना कन्नड कवितेसाठी 1973 चे ज्ञानपीठ मिळाले, त्या धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांच्या घरची बोली मराठी होती, आणि ज्ञानपीठाचे मानकरी चंद्रशेखर कंबार हे आपल्याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे. क्रीडा आणि चित्रपट या विषयांची कार्डे सामान्य आहेत. चुकीचे पर्याय इतके उघड आहेत की उत्तर न येणारा मुलगाही ते ओळखतो.

आमच्या भागाविषयीची उणीव भरण्यासाठी आम्ही कोऱ्या पुठ्ठ्याची आपली कार्डे करायला घेतली, आणि संचाचा मला सर्वांत मोठा उपयोग इथे झाला असे वाटते, कारण चांगल्या प्रश्नाचा नमुना त्यानेच मुलांसमोर ठेवला. महात्मा गांधींनी काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवलेले एकमेव अधिवेशन डिसेंबर 1924 चे, बेळगावचे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर 1204 मधले, रट्ट राजवटीतले. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 मध्ये फाशी दिले गेले ते नंदगडला. मुलांना सर्वांत आवडलेले कार्ड तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांचे आहे : रॉटन यांच्या नावाने ओळखले जाणारे दुर्मीळ वटवाघूळ दीर्घकाळ जगात याच गुहांत सापडत असे, पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळले. ‘जगात फक्त इथेच’ असे लिहायचा मोह मुलांना झाला होता. त्यांनी तो आवरून पुढचे वाक्य स्वतःहून जोडले. प्रत्येक कार्डाच्या मागे कारण किंवा संदर्भ दोन ओळींत, आणि खाली ते लिहिल्याचा महिना व वर्ष, असा नियम आम्ही ठेवला आहे.

घरी एक-दोन मुले असतील आणि त्यांच्याशी बसून बोलणारे मोठे माणूस असेल, तर हा संच जरूर घ्यावा. वाचनालयाने घेताना दुकानदाराकडून छपाईचे वर्ष आधी विचारून घ्यावे आणि अभिजात भाषांचे कार्ड उघडून पाहावे; त्यावर सहाच भाषा असतील तर तो जुना गठ्ठा आहे. केवळ भरतीच्या तयारीसाठी घेण्यात अर्थ नाही. आमच्या कार्यकारिणीत शेजारच्या गावासाठी दुसरा संच घेण्याचा विषय निघाला होता, तेव्हा सुधारित आवृत्ती येईपर्यंत थांबून तोवर आमच्याकडच्या हस्तलिखित कार्डांच्या प्रती त्यांना द्याव्यात, असे ठरले आहे.