विहिरीच्या नावाने 18,500 गेले, सूचक म्हणे आमचे काका

लाज वाटते लिहायला, पण लिहितो. निफाड-चांदवड पट्ट्यातला आहे, गाव विचारू नका. रोजगार हमीतली सिंचन विहीर, 2023 ला 4 लाख अनुदान होतं. आमच्याकडचा एक जण, निवडून आलेला नाही पण पंचायतीत बारा महिने पडीक, म्हणाला दादा तुमचं नाव ठरावात घेतलंय, फक्त फाईल सरकवायची. 5,000 फाईलचे, 2,500 ऑनलाईनचे, 11,000 वरच्यांचे. 12,000 फोनवरून टाकले, ते पण त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर (दुसऱ्याच्या नंबरवर रुपया टाकू नका). उरलेले 6,500 बायकोने बचत गटातून उचलले.

आता जे सलतंय ते सांगतो. त्याने ठरावाची झेरॉक्स दाखवली, 15 ऑगस्टची ग्रामसभा, सूचक आमचे काका. अरे, काका त्या दिवशी माझ्याच पिकअपमध्ये होते! झेंडावंदन केलं, जिलेबी खाल्ली आणि टोमॅटो घेऊन पिंपळगावला गेलो. मी हसलो, म्हटलं काका नसताना पण सूचक, तो पण हसला, आणि मी पैसे दिले. तिथेच उठायला पाहिजे होतं. पण सभेचं रजिस्टर मागाहून घरोघर सह्यांना फिरतंच की, मला वाटलं तसंच असेल. त्या ऑगस्टला पाऊस नाही, बोअर आटलेला, बाग टँकरवर, अशात कोण शहाणपणा करतं सांगा.

यादीत नाव नाहीच. ग्रामसेवक म्हणे पावती दाखवा. लाचेची पावती असते का साहेब? पोलीस म्हणे आपसातला व्यवहार आहे, अर्ज ठेवून जा. तालुक्याला तीन हेलपाटे, साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, तिसऱ्यांदा साहेबच बदललेले. बरं सदस्याला धरावं तर तेव्हा 2022 च्या मार्चपासून पंचायत समितीवर, जिल्हा परिषदेवर प्रशासक बसलेला, मत मागायला येणाराच नव्हता तर भांडायचं कोणाशी? आणि मी तरी कधी सभेला बसलो, जिलेबीपुरताच जायचो.

ठरावाची नक्कल आधीच मागा, माहिती अधिकाराला 10 रुपये लागतात. मी पैसे गेल्यावर मागितली, 30 दिवस होऊन गेले, उत्तर नाही. सरकारी माणूसच पैसे मागत असेल तर द्यायच्या आधी लाचलुचपतवाल्यांच्या 1064 ला फोन करा.

बचत गटाचा हप्ता चालूच आहे. काका म्हणतात, सूचक मीच आहे ना, मग विहीर मलाच द्या.