वाळल्या डोंगरी गवताच्या पेंढ्या: घ्या, पण सोडून बघून

दिवाळीनंतर कोल्हापुरात टेम्पोने येणाऱ्या डोंगरी गवताच्या पेंढ्या म्हशींसाठी घ्याव्यात का? जरूर घ्याव्यात. नुसत्या उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पानांवर, दुभती म्हैस ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं, कारण वाड्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अडवून धरतं. मात्र पेंढीच्या सोनेरी रंगावर जाऊ नका. या वैरणीचं मोल ठरतं ती कापली कधी यावर.

पन्हाळा-शाहूवाडीकडच्या माळावरच्या पेंढीत मारवेल, पवना आणि कुसळी ही तीन गवतं ओळखता आली तरी पुष्कळ झालं. तिन्ही बहुवर्षायू, बुडख्यातून पुन्हा फुटणारी. मारवेलच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं. ते जितकं जास्त दिसेल तितकी पेंढी चांगली. पवनाही जनावरं आवडीनं खातात. गोची आहे ती कुसळीची.

कोवळी कुसळी उत्तम वैरण आहे. फुलोऱ्याआधी तिच्यात 6 ते 8 टक्के प्रथिनं असतात, पिकून कडक झाली की 2-3 टक्क्यांवर येतात. त्यात पक्व बीला खाली सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले ताठ तांबूस केस आणि वर बोटाएवढं लांब काळपट कुसळ. एक कुसळ ओल्या तळहातावर ठेवून बघा: पीळ सुटतो आणि ते गरागरा फिरतं, सुकलं की पुन्हा पीळ बसतो. याच फिरण्यानं बी मातीत शिरतं आणि वणव्यातूनही वाचतं. म्हशीच्या तोंडातही ओल असतेच. बी हिरडीत, जिभेखाली रुततं. केस मागे वळलेले असल्यानं बाहेर येत नाही. जनावर लाळ गाळतं, वैरण सोडतं. मेंढ्यांच्या तर लोकरीतून कातडीत घुसतं.

कुट्टी करून हे टळत नाही, कुसळ तुटतं पण टोक तसंच राहतं. उपाय एकच: दुपारच्या कडक उन्हात पेंढी सोडून दगडावर दहा-बारा वेळा आपटा. पिकलेलं बी सहज गळतं. ते झाडून जाळा, शेणात टाकू नका.

घेताना बाहेरच्या काड्या बघून भाव ठरवू नका. वर कोवळं आणि पोटात कुसळांचे काळे गुंते, अशी बांधणी बरीच आढळते. तीन-चार पेंढ्या मधूनच सोडा, हात घालून वास घ्या. कुबट वास म्हणजे ओली बांधलेली, आत बुरशी धरलेली. ती फुकटही नको. आणि नगावर न घेता वजनावर घ्या, पेंढीचा घेर रोज बदलतो.

जानेवारीनंतरच्या मालात कुसळ गळून गेलेलं असतं म्हणून तो 'साफ' म्हणून विकतात. तो छप्पर शाकारायला ठीक, पोटाला नाही. घ्यावाच लागला तर युरिया प्रक्रिया करा: 100 किलो गवताला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरांवर शिंपडायचा, दाबून ताडपत्रीत 21 दिवस हवाबंद ठेवायचं. उघडल्यावर तासभर वारा लागू द्या. सहा महिन्यांखालच्या रेडकांना हे देऊ नका.

एक खूण माळाची. एखाद्या ठिकाणच्या पेंढीत दरवर्षी कुसळी वाढते आणि पवना घटतो, तर तिथं कोवळेपणीच चराई होतेय, किंवा वारंवार आग लावली जातेय. पवना ते सोसत नाही, कुसळी सोसते. गवतवाल्याला कापणीची तारीख विचारा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, कणसं बाहेर पडायच्या आत कापून द्यायला सांगा, चार पैसे जास्त गेले तरी. आठवडाभर पसरून वाळवलेलं, दगडांच्या ओट्यावर गंजी लावलेलं तसं गवत मिळालं तर वर्षाचं एकदम भरून ठेवावं.