कॅलॅक्सचं रॅक आणि नाशिकच्या बाजारातले बोल्ट, गिट्ट्या, टोपल्या

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये, पुढच्या खोलीत, मी सोसायटीतल्या मुलांसाठी छोटं वाचनालय चालवते. साडेतीनशेच्या आसपास पुस्तकं आहेत आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस मुलं येतात. गेल्या उन्हाळ्यात कसारा घाट उतरून तुर्भ्याच्या आयकिया या फर्निचर कंपनीच्या दुकानातून कॅलॅक्स नावाचं आठ खणांचं पांढरं रॅक आणलं, 77 बाय 147 सेंटीमीटरचं. रॅक चांगलं आहे. मुलीने आणि मी मिळून एका दुपारी जोडलं, अजून कुठे हललेलं नाही. त्याबद्दल एवढंच. खरं सांगायचं आहे ते पुढचं. त्या रॅकला मी इथल्या बाजारातून आणि ऑनलाइन जे जे लावलं, त्यातलं काय बसलं आणि काय नाही, हे कुठेही नीट वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

बाहेरचं काही घ्यायचंच नाही असं ठरवलं तरी ते शक्य नाही. खोक्यात रॅक भिंतीला बांधायची पट्टी येते, पण भिंतीत जाणारा स्क्रू आणि गिट्टी (स्क्रू पकडायला भिंतीच्या भोकात ठोकतात ती नळी) येत नाही. घरोघरच्या भिंती वेगळ्या, तेव्हा आपल्या भिंतीला चालेल ते तुम्हीच घ्या, असं कंपनीच माहितीपत्रकात सांगते. आणि ही पट्टी लावायची राहिली तरी चालेल, असं कृपा करून कुणी समजू नका. 2016 साली अमेरिकेत याच कंपनीने ड्रॉवरची सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटं परत मागवली होती, कारण भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून लहान मुलं दगावली होती. माझ्याकडे चार वर्षांची मुलं येतात आणि वरच्या खणातलं पुस्तक हवं असलं की सरळ खालच्या खणात पाय ठेवतात.

आमच्याकडे सुतारदादांनी ड्रिल हॅमरवर, म्हणजे ठोके देत फिरेल असं, टाकलं, 8 मिलिमीटरचं भोक पाडलं, नेहमीची गिट्टी ठोकली आणि स्क्रू पिळला. शेवटच्या दोन फेऱ्यांत स्क्रू नुसताच गरगर फिरायला लागला. मी दोन बोटांनी धरून ओढला, तर गिट्टीसकट हातात आला. खाली फरशीवर ज्वारीच्या पिठासारखी करडी भुकटी पडली होती.

ती भुकटी मी कागदाच्या पुडीत बांधून रविवार कारंज्यावरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, भुकटी लाल निघाली का पांढरट?" पुडी उघडून दाखवली, तसे म्हणाले, "ही वीट नाही, ब्लॉकची भिंत आहे. हिला साधी गिट्टी धरणार नाही." नव्या इमारतींत पुष्कळदा हेच हलके एएसी ब्लॉक असतात. सिमेंट, चुना आणि औष्णिक वीज केंद्रातली राख, म्हणजे आपल्या एकलहऱ्याला निघते तशी, यांच्या लगद्यात चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची पूड घालतात. तिने हायड्रोजन सुटतो, लगदा इडलीच्या पिठासारखा फुगतो आणि मग वाफेच्या दाबाखाली पक्का होतो. आत सगळी भोकंच भोकं. हॅमरने ब्लॉक भोकाच्या कडेने चुरतो आणि गिट्टीला धरायला काही उरतच नाही.

काकांनी 10 मिलिमीटर जाडीची, 80 मिलिमीटर लांब नायलॉनची गिट्टी दिली, तिच्याबरोबरचाच स्क्रू दिला आणि बजावलं, "हॅमर बंद करून साध्या ड्रिलनेच भोक पाडायचं." करड्या नायलॉनची गिट्टी जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी 1958 मध्ये आणली. आज दुकानात जे मिळतं ते बहुतेक तिच्याच वंशातलं. एवढुशी वस्तू आहे, पण माझ्या सगळ्या खरेदीत मी सर्वांत जास्त गुण हिलाच देईन. बारा महिने झाले, पट्टी केसभरही सुटलेली नाही. त्या काकांच्या दुकानालाही पूर्ण गुण, कारण त्यांनी वस्तू विकायच्या आधी भिंत विचारली.

पायांचं प्रकरण इतकं सरळ गेलं नाही. रॅक फरशीवर टेकलेलं राहिलं की रोज पुसताना खाली पाणी जातं. पावसाळ्यात फरशी दिवसभर ओलसर असते आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, पाणी प्यायला की फुगतो, पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणून ऑनलाइन चार स्टीलचे पाय मागवले. प्रत्येकाला चौकोनी पट्टी, पट्टीला चार स्क्रू. वर्णनात लिहिलं होतं, कुठल्याही कपाटाला चालतील.

चालले नाहीत. कॅलॅक्सच्या बाहेरच्या जाड फळ्या भरीव नसतात. कडेने पार्टिकल बोर्ड आणि मध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी कागदाची जाळी, म्हणूनच रॅक दिसतं त्या मानाने हलकं आहे. कंपनी हे लपवत नाही, साहित्याच्या यादीत लिहिलेलंच असतं. रॅक आडवं करून खालच्या फळीवर बोटाच्या पेराने ठोकत गेलात तर कडेला ठक-ठक वाजतं आणि थोडं आत गेलं की ढब-ढब. माझ्या पायांच्या पट्टीतले दोन स्क्रू ठक मध्ये आणि दोन ढब मध्ये गेले. आठवड्याभरात एक पाय तिरका झाला. नशिबाने तोपर्यंत पुस्तकं वर चढवली नव्हती.

इथे माझे भावजी मदतीला आले. ते सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं टूलरूममध्ये होते. त्यांनी 18 मिलिमीटरच्या प्लायची रॅकच्या मापाची चौकट करून घेतली, ती फळीच्या भरीव कडांना स्क्रूने धरली आणि पाय त्या चौकटीला लावायचे ठरले. त्यासाठी पायांबरोबर आलेले बोल्ट आखूड पडले. लांब बोल्ट आणायला मी एकटीच गेले आणि चूक तिथे झाली. दुकानात मी तोंडी सांगितलं, "अडीच सुती द्या, दीड इंच लांब." नमुना सोबत नेला नव्हता. दुकानदाराने मागितलं ते दिलं.

ज्यांना सूत माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत. अडीच सूत म्हणजे 7.94 मिलिमीटर. पायातला नट होता 8 मिलिमीटरचा. डोळ्याला काही फरक दिसत नाही, बोल्ट हाताने दोन फेरे आतही गेला. मग अडला. मला वाटलं, नवा आहे, घट्ट असेल. पाना लावून जोर दिला. एक कर्र आवाज झाला आणि बोल्ट बाहेर काढला तेव्हा आट्यांमध्ये चांदीच्या वर्खासारखा चुरा अडकलेला होता. पायाच्या नटातले आटे गेले होते.

भावजी रागावले नाहीत. त्यांनी जुना आणि नवा असे दोन्ही बोल्ट एकमेकांना चिकटवून, आट्यांत आटे घालून खिडकीच्या उजेडासमोर धरले. पहिले दोन-तीन आटे बरोबर बसले होते, पुढे मात्र एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या उंचवट्यावर चढत गेला आणि फटीतून उजेड यायला लागला. मिलिमीटरच्या 8 च्या बोल्टला दोन आट्यांमधलं अंतर 1.25 मिलिमीटर असतं. अडीच सुतीला एका इंचात 18 आटे, म्हणजे अंतर सुमारे 1.41. जाडी जुळली तरी आटे जुळत नाहीत. "वहिनी, बोल्ट नेहमी नमुना दाखवूनच आणायचा," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ड्रॉवरमध्ये प्रत्येक मापाचा एक-एक मूळ बोल्ट आणि स्क्रू मी डबीत घालून ठेवला आहे.

मिलिमीटरचे बोल्ट शेवटी अंबड एमआयडीसीतल्या नट-बोल्टच्या दुकानातून आणले. तिथे "एम आठ, चाळीस लांब" म्हटलं की पुढे प्रश्नच येत नाही, सुटे चारसुद्धा देतात. डोक्यावर 8.8 असा आकडा उठवलेला असतो, ती मिलिमीटरच्या बोल्टची खूण. घराजवळच्या दुकानात सुताचा आणि एमएमचा माल पुष्कळदा एकाच ट्रेमध्ये मिसळलेला असतो, तेव्हा आकडा बघून घ्या. खराब झालेला पाय बदलून द्यायला ऑनलाइन विक्रेत्याने नकार दिला आणि चूक माझीच होती, म्हणून मी वाद घातला नाही. पण "कुठल्याही कपाटाला चालतील" हे वाक्य त्याने काढायला हवं.

मधल्या फळीसाठी सूत मात्र उपयोगी पडलं. कॅलॅक्सचा खण 33 सेंटीमीटर उंच आणि तितकाच रुंद असतो. मुलांच्या पातळ गोष्टींच्या पुस्तकांवर अर्धा खण रिकामा राहायचा. म्हणून सुतारदादांकडून 12 मिलिमीटर प्लायची टेबलासारखी मधली फळी करून घेतली. 13 इंच म्हणजे 33.02 सेंटीमीटर, त्या मापाची पहिली फळी खणात अडकली आणि काढताना आतला पांढरा रंग खरवडला. दादांनी लगेच सांगितलं, "तेराला एक सूत कमी करू." म्हणजे 32.7. आता बोटाने सरकवली तरी जाते आणि खडखडतही नाही. पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवा: तेरा इंचाला एक सूत कमी.

वजनाचंही सांगते. एका खणाची मर्यादा कंपनीने 13 किलो दिली आहे. मी वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. गोष्टींच्या पुस्तकांनी गच्च भरलेला एक खण साडेअकरा किलो भरला. गुळगुळीत कागदाचे जाड ज्ञानकोश लावले तर साडेसोळा. मधली फळी घातली म्हणून खण मजबूत होत नाही, उलट तिचं स्वतःचं वजन वाढतं. ज्ञानकोश मी दोन खणांत वाटून सगळ्यात खाली ठेवले आहेत.

आणि टोपल्या. ऑनलाइन मिळणारे कापडी खोके बहुतेक 30 सेंटीमीटरचे असतात, दोन्ही बाजूंना फट राहते, मागे तर हात जाईल इतकी जागा वाया जाते आणि चार महिन्यांत तळाचा पुठ्ठा बसतो. दोन घेतले, दोन्ही आता कांदे-बटाट्याला. त्याऐवजी पंचवटीत एका बुरूडदादांकडे गेले. ते माप विताने घेतात, टेप लावत नाहीत. मी घरून पुठ्ठ्याचा खोका कापून नेला होता, 31 सेंटीमीटर रुंद, 29 उंच, 36 खोल. "ह्याच्यात ही टोपली बसली पाहिजे," एवढंच सांगितलं. त्यांनी तो खोका समोर उपडा ठेवला आणि त्याच्याभोवती बांबूच्या पट्ट्या उभ्या करून विणायला घेतलं. बांबू पोटात फुगतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून मधल्या ओळी त्यांनी ओढून घट्ट घेतल्या. धरायला पुढे एक वेताची कडी लावली, मी मागितलीही नव्हती. टोपलीला 320 रुपये घेतले. मी घासाघीस केली नाही, करावीशी वाटली नाही.

एक उणीव आहे. बांबूच्या खालच्या कडेने रॅकच्या पांढऱ्या रंगावर बारीक ओरखडे उठतात. खुर्चीच्या पायांना लावतात तसले फेल्टचे गोल तुकडे चार कोपऱ्यांना चिकटवले, तेव्हापासून थांबलं. पावसाळ्यात दोन टोपल्यांना वास यायला लागला होता, त्या श्रावणात ऊन पडेल तेव्हा गच्चीत ठेवत होते.

रॅकच्या मूळ सांध्यांचे स्क्रू मात्र मी एकदाही बाहेरचे घातले नाहीत आणि कुणी घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. तिथे आखूड स्क्रू गेला तर सांधा नुसता लाकडी खुंट्यांवर उभा राहतो.

आणखी चार टोपल्यांची ऑर्डर दिली आहे. बुरूडदादा म्हणाले, दिवाळीच्या कंदिलांचं काम उरकलं की घेतो. पुठ्ठ्याचा खोका त्यांच्याकडेच ठेवून आले आहे.